पिठाच्या डब्यातले फ्यूज

अर्ज लिहायला बसून तास होत आला होता, आणि कागदावर नीट उतरलं होतं ते एवढंच : 'प्रति, मा. अध्यक्ष, तंटामुक्त गाव समिती, हिवरमळा.' त्याखाली 'माझे दीर श्री. भरत रखमाजी हे' इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पुढचा शब्द भिमाजीच्या लेकीनं, अक्षदानं, तीनदा लिहिला होता आणि तीनदा खोडला होता. घराच्या पडवीत जमलेली मोठी माणसं त्या एका शब्दावर अडून बसली होती, आणि बाहेर बुधवार संपत चालला होता.

बुधवार संपणं म्हणजे काय, हे या घरात सगळ्यांना पाठ होतं. वाटण्या झाल्या त्या साली रखमाजी आबांनी विहिरीच्या पाळ्या लावून दिल्या होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार थोरल्या भिमाजीचे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार धाकट्या भरतचे. रविवारी विहिरीला विसावा. दहा वर्षं त्यात बदल झाला नव्हता. यंदा भरतनं दोन एकर ऊस वाढवला आणि बुधवार मागितला. अंजनानं नाही म्हटलं. खरं तर ते म्हणायचं काम भिमाजीचं, पण भावापुढं त्याच्या तोंडातून शब्द फुटेना, म्हणून ते बायकोनं केलं. यावर भरतनं भांडण काढलं नाही की शिवी दिली नाही. विहिरीवर दोघांच्या मोटारी वेगळ्या होत्या. त्यानं भिमाजीच्या मोटारीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढले आणि खिशात घातले. भिमाजीनं आळेफाट्याहून नवे आणले, ते त्याच्या डोळ्यांदेखत विहिरीत गेले.

मागच्या आठवड्यातल्या सोमवारी पाणी झालं ते शेवटचं. आज नववा दिवस. तार-बांबूवर चढवलेला एक एकर टोमॅटो ऐन फुलात माना टाकायला लागला होता. या आठवड्यात लाईट दिवसा होती आणि सहाला जायची. सहा वाजले की पुढची पाळी थेट सोमवारी, आणि सोमवारपर्यंत प्लॉट टिकत नाही हे सांगायला कुणा कृषी अधिकाऱ्याची गरज नव्हती.

"किती वाजलं गं?" अंजनानं विचारलं.

"सव्वातीन," अक्षदा म्हणाली.

अंजना खुर्चीत नीट सरकून बसली. त्या खुर्चीचंही सांगायला हवं. पडवीत हाताची खुर्ची एकच, लाल प्लास्टिकची. घर भिमाजीचं, खुर्ची भिमाजीची, पण भरत कधी टपकेल याचा नेम नाही म्हणून ती रिकामी ठेवायची सवय सगळ्यांना लागली होती. पाव्हणा आला तरी त्याला सतरंजीवर बसवत. आज अंजना स्वयंपाकघरातून आली ती सरळ खुर्चीत बसली, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे कुशाबाईंनी, दोनदा खुर्चीकडे आणि एकदा सुनेकडे पाहिलं होतं.

"भरत यील आता," कुशाबाई आत्ताही म्हणाल्या.

"येऊ द्या की. सतरंजी लई मोठी हाय," अंजना म्हणाली.

खांबाला टेकून बसलेल्या प्रयागबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या रखमाजींच्या थोरल्या लेक, आंबेगाव तालुक्यात दिलेल्या. सकाळच्या एसटीनं आल्या होत्या त्या भांडण मिटवायला, आणि आल्यापासून प्रत्येकाची बाजू एकेकदा घेऊन झाली होती.

"तापट लिव," भिमाजी म्हणाला. "'स्वभावानं तापट हायेत' असं लिव. कुनाला लागायचं न्हाई."

"तापट मानूस तापतो आन निवतो," अंजना म्हणाली. "भावजी कवा तापल्यात? फ्यूज काढताना शिट्टी वाजवत व्हते."

"मग खमक्या लिवा," कुशाबाई म्हणाल्या. "ल्हानपनापासून खमक्याच हाय त्यो. शाळंत मास्तर सुदिक त्याला वचकून असायचा."

"आजी, खमक्या लिहिलं तर समिती नानांना नारळ देऊन सत्कार करील," अक्षदा म्हणाली. भरतला ती नाना म्हणायची.

"दांडगा," प्रयागबाई म्हणाल्या. "आडदांड. आमच्याकडं असंच म्हन्त्यात."

"कडक," रखमाजी आबा म्हणाले. इतका वेळ ते तंबाखू मळत होते. "कडक शिस्तीचा हाय, म्हनून लोकास्नी जड जातो. तेवढंच लिव पोरी."

"गुंड लिव," अंजना म्हणाली.

आबांचा मळता हात थांबला. "माझ्या घरात गुंड न्हाई."

"मग विहिरीवर कोन येतो ते तरी सांगा, आबा."

अक्षदानं गुंड लिहिलं नाही आणि कडकही लिहिलं नाही. ती ओतूरच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि घरातले सगळे कागद तीच लिहायची. आज मात्र तिला एक गोष्ट जाणवली आणि ती चांगलीच खुपली. ही सगळी माणसं नानांवर तक्रार करायला बसली होती, पण शब्द सुचवताना एकेकाचा आवाज वर चढत होता. खमक्या म्हणताना आजीचा चेहरा उजळला होता. दांडगा म्हणताना आत्याची मान ताठ झाली होती. आणि आपण तरी कोण मोठे लागून गेलो? गेल्याच महिन्यात ओतूरच्या स्टँडवर जीप खच्चून भरलेली असताना ड्रायव्हरनं एका म्हाताऱ्याला उठवून तिला पुढची सीट दिली होती, "भरतशेटची पुतनी हाय ती" म्हणून. ती बसली होती. वर नारायणगाव येईपर्यंत बाहेर बघत मजेत गेली होती. ते आठवून तिचे कान गरम झाले.

"शब्दच नको," ती म्हणाली. "कुठलाही लिहिला तरी तो नानांना मेडलासारखा वाटेल. काय काय केलं ते तारीखवार सांगा. मी तेवढंच लिहिते."

"तेवढ्यानं भागंल व्हय?" भिमाजीनं विचारलं.

"भागंल," अंजना म्हणाली. "लिव. आट तारीख, मंगळवार."

पेन चालू लागलं तसं आबांनी तंबाखू न खाताच पिशवीत परत भरली.

त्यांना नारायणगावचं मार्केट आठवत होतं. वीस वर्षं झाली त्याला. व्यापाऱ्यानं त्यांच्या टोमॅटोच्या बारा पाट्या नासक्या म्हणून बाजूला काढल्या आणि वर हसला. आबा परत आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचवीस वर्षांच्या भरतला धाडलं. भरतनं व्यापाऱ्याला हात लावला नाही. नुसता त्याच्या गादीवर जाऊन बसला, दिवसभर उठला नाही, आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. संध्याकाळी बारा पाट्यांचा भाव मिळाला. त्या रात्री घरात जिलबी आली होती आणि ती आबांनी स्वतः आणली होती. त्यानंतर बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याकडे भरत. खतासाठी ताटकळत ठेवणाऱ्याकडे भरत. जिथं आबांनी स्वतः जाऊन चार शब्द बोलायचे, तिथं त्यांनी पोराला उभं केलं, आणि पोरगा उभा राहायला शिकला.

"आबा, माज्याकडं बी तुमीच धाडला व्हता त्याला," प्रयागबाई एकदम म्हणाल्या. जणू आबांच्या मनातलं त्यांना ऐकू आलं होतं. एकाच घरात वाढलेल्या माणसांचं असं होतं.

"तुज्या दिरांनी तुला घराभायेर काढली व्हती, प्रयागा."

"काढली व्हती. भरत जीप भरून पोरं घिऊन आला. घरात आला न्हाई, दारात उभा ऱ्हायला. दिरांनी दोन खोल्या लगीच मोकळ्या करून दिल्या." प्रयागबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तवा मला वाटलं, भाऊ असावा तर असा. पर त्या दिसापासनं आळीतली एक बाई माज्या दारात आली न्हाई. हळदीकुकवाला बोलवायला ल्हान पोरगी धाडत्यात, ती उंबऱ्याभायेरनं वरडून पळून जाती. मालक गेले तवा सुदिक दीर भ्यानं मला इचारून इचारून रडले. पंदरा वर्सं झाली. खोल्या मिळाल्या, आबा. मानसं गेली."

हे त्या माहेरी कधी बोलल्या नव्हत्या. भांडण मिटवायला आलेल्या बाईनं असं बोलणं भिमाजीला अवघड वाटलं, आणि तो उठून माठाकडे गेला. दारात बसलेल्या आरतीनं त्याला आधीच तांब्या भरून दिला. आरती भरतची बायको. ती चहा घेऊन आली होती, चहा केव्हाच पिऊन झाला होता, पण कपबशा घेऊन ती परत गेली नव्हती. तिला कुणी बसू नको म्हटलं नाही आणि कुणी काही विचारलंही नाही.

"पुढं?" अक्षदानं विचारलं. "फ्यूज काढले, नवे विहिरीत टाकले. मग?"

"कळशी," अंजना म्हणाली. "सोमवारी मी प्यायचं पानी शेंदाय गेले. शेंदून कळशी भरली, उचलनार तेवढ्यात भावजी आले आन पायानं लवंडली. काय बोलले न्हाईत. परत भरली, परत लवंडली. तिसऱ्या टायमाला मी भरली न्हाई, घरी आले."

भिमाजी तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. "हे मला बोलली न्हाईस."

"बोलून काय झालं असतं?"

खरंच काय झालं असतं, याचा विचार करत तो खाली बसला आणि त्याला स्वतःचा राग आला. इतका की त्यानं तांब्यातलं पाणी प्यायलंच नाही.

"आणि फ्यूज आता कुठं आहेत?" अक्षदानं विचारलं. "ते लिहायला पाहिजे. नानांच्या खिशात?"

कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे कुशाबाई सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

कुशाबाईंची सगळी हयात पोरांना सांभाळून घेण्यात गेली होती आणि त्याचं त्यांना कधी ओझं झालं नव्हतं. म्हातारा-म्हातारी धाकट्याकडे राहत. आठ तारखेला भरतनं ते तीन पांढरे तुकडे त्यांच्या हातात ठेवले. "आई, बाजरीच्या डब्यात टाक. कुनाला बोललीस तर माज्या गळ्याची आन हाय." त्यांना वाटलं, घरातली वस्तू घरात राहिली, बाहेर मारामारी तर होत नाही. मग रोज सकाळी भाकरीचं पीठ काढताना हाताला ते लागायचे. त्या ते बाजूला सारायच्या आणि पीठ घ्यायच्या. सोमवारी भाकरी थापताना खिडकीतून त्यांना अंजना विहिरीवरून रिकामी कळशी घेऊन येताना दिसली होती. त्यांना वाटलं होतं, दोर तुटला असंल. खरं म्हणजे तसं वाटून घेतलं होतं.

"डब्यात हायेत," त्या म्हणाल्या.

"कसल्या?"

"पिठाच्या. बाजरीच्या. मीच ठिवल्यात." आणि त्यांना रडू आलं. मोठ्यानं, पोरीसारखं. "त्यानं आन घातलीया गं. त्याला काय झालं तर माज्यानं..."

"काय व्हत न्हाई त्याला, आई," अंजना म्हणाली. "आनभाक अशी लागत असती तर सगळं गाव आडवं झालं असतं."

भिमाजी ताडकन उठला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पावणेदोन तास म्हणजे निम्मा प्लॉट तर भिजेल. "चल, मी आनतो."

"बसा," अंजना म्हणाली.

"अगं, टोमॅटो..."

"मला बी दिसतोय टोमॅटो. रोपं मी लावल्यात, सुतळी मी बांधलीया." तिचा आवाज चढला नव्हता. "आज आपुन आनले तर सोमवारी परत डब्यात जातील. त्यानं काढल्यात, त्यानंच द्यायचे. सगळ्यांच्या म्होरं."

"आन न्हाई दिले तर?"

अंजनाच्या डोळ्यांपुढे त्या एक एकराच्या सऱ्या होत्या, एकेका झाडाची फूट तिला माहीत होती. भीती तिलाही वाटत होतीच. पण नऊ दिवस तिनं घाबरून पाहिलं होतं आणि त्यानं एक थेंब पाणी आलं नव्हतं.

"तर प्लॉट गेला," ती म्हणाली. "एक हंगाम गेला. पर सोमवार आपलाच ऱ्हायला पायजे."

कुशाबाई डोळे पुसत उठू लागल्या. "मी आनते. मी ठिवलेत, मी आनते."

"तुमी बी नगा, आई. अक्षदा, डब्याचं लिव."

अक्षदानं लिहिलं. मग आबांनी घसा साफ केला.

"माजं बी एक लिव त्याच्यात," ते म्हणाले. "त्याला ही खोड मी लावली. लोकांच्या दारात मी धाडत व्हतो. सरकारी भाषेत काय बसंल ते बसव, पर माजं नाव घालून लिव."

आरती कपबशा उचलून निघून गेली. सगळ्यांना वाटलं, नवऱ्याला सांगायला गेली.

आणि खरोखर पाव तासानं भरतची जीप दारात येऊन थांबली. तो उतरला, गॉगल शर्टाला अडकवला आणि पडवीत पाय ठेवताना एकदम सगळ्यांना मोजून घेतलं.

"काय राव, सभा भरलीया? आमाला आवतान न्हाई?" मग त्याला खुर्ची दिसली. खुर्चीत वहिनी दिसली. तो थांबला. माणसाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुठं बसायचं हा प्रश्न पडला होता. सतरंजीवर बसणं बरं दिसेना, म्हणून तो उभाच राहिला.

"तुमच्यावर अर्ज लिवतोय," अंजना म्हणाली. "उद्याच्या बैठकीत वाचतील. तुमी आधी ऐका, म्हंजे मागारी बोलली असं नगं."

"वाच की," भरत पुतणीला म्हणाला. मजेत होता. "आमचं काय काय गुणगान केलंय बघू."

अक्षदा उभी राहिली. आवाज कापेल असं तिला वाटलं होतं, पण शाळेत प्रतिज्ञा म्हणताना निघायचा तसा स्वच्छ निघाला.

"'एक. दिनांक आठ एप्रिल, मंगळवार रोजी आमच्या पाळीत मोटारीचे तीन फ्यूज काढून नेले.'"

"नेले की," भरत म्हणाला. "म्होरं."

"'दोन. दिनांक नऊ रोजी माझ्या पतीने आणलेले नवे फ्यूज विहिरीत टाकले.'"

"अजून आना, अजून टाकीन. म्होरं."

"'तीन. दिनांक चौदा रोजी मी पिण्याचे पाणी भरले असता भरलेली कळशी पायाने दोन वेळा लवंडली.'"

भरत हसायचा थांबला. "कळशीचं कशाला? एवढीतेवढी गोष्ट."

"'चार. काढलेले फ्यूज त्यांनी सत्तर वर्षांच्या आईकडे बाजरीच्या पिठाच्या डब्यात लपवायला दिले आणि कुणाला सांगू नये म्हणून तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली.'"

भरतनं आईकडे पाहिलं. कुशाबाईंनी मान खाली घातली नाही, एवढंच. रडून रडून त्यांचे डोळे कोरडे झाले होते.

"'पाच. भरत यांना लोकांच्या दारात धाक घालण्यासाठी मी, त्यांचे वडील रखमाजी, स्वतः पाठवीत असे. ती चूक माझी आहे. विहिरीवरची त्यांची.'"

"ते चार नंबरचं काढ," भरत म्हणाला.

"का?" अक्षदानं विचारलं.

"काढ म्हनतो ना. अगं, गुंड लिव की. घाबरतीस काय? गावगुंड लिव, धटिंगन लिव, भरतनं दमदाटी केली लिव, मी सही करतो खाली. पर हे पीठबीठ नगं." त्याच्या कपाळावर घाम आला होता. "चावडीवर मोठ्यानं वाचत्यात अर्ज. त्यो सोसायटीतला भागू हसून हसून लोळंल. उद्याच्याला मार्केटात कुनाकडं बघितलं तर त्यो म्हनंल, आईच्या डब्यात लपवनारा आला. वहिनी, समजून घ्या की जरा."

अंजनानं त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षं पाहिलेल्या दिरात तिला पहिल्यांदाच एक घाबरलेला माणूस दिसला, आणि तिला त्याची दयाही आली. पण दयेपोटी तिनं कागदातली एक मात्रा बदलू दिली नसती.

"आमी लिवलंय म्हनून ते झालं न्हाई, भावजी. तुमी केलंय म्हनून लिवलं."

भरत भावाकडे वळला. तिकडे दर वेळी जमायचं. "भाऊ, तू सही करनार? माज्यावर? आपल्या भावावर?"

भिमाजीनं अक्षदाच्या हातातून पेन घेतलं. पेन फार दाबून धरलं, त्यामुळे 'भि' फार मोठी झाली आणि बाकीचं नाव कोपऱ्यात दाटीवाटीनं बसवावं लागलं. पण झालं. "तिची कळशी लवंडली तू," तो म्हणाला. "मला सांगायची सुदिक तिला लाज वाटली. ती माजी लाज व्हती."

अंजनानं सही केली. आबांनी चष्मा मागितला, ओळ शोधली आणि प्रत्येक अक्षर वेगवेगळं काढत नाव लिहिलं. प्रयागबाईंनी दोन्ही आडनावं लिहिली, माहेरचं आणि सासरचं.

"आई?" भरत म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता.

"पोरी, माजा अंगठा घे," कुशाबाई म्हणाल्या.

शाईचा पॅड नव्हता. अक्षदानं पेनच्या शाईनं आजीचा अंगठा रंगवला आणि कागदावर टेकवला. कुशाबाईंनी तो उचलला नाही, थोडा वेळ तसाच दाबून धरला. मग लुगड्याला पुसला.

भरत खांबाला धरून उभा होता. त्यानं बाहेर जीपकडे पाहिलं. निघून जाता आलं असतं. पण गेला असता तर कागद उद्या चावडीवर, हे त्याला दिसत होतं.

"आरती!" त्यानं हाक मारली. "डबा आन गं घरनं!"

"आनलाय," आरती दाराबाहेरूनच म्हणाली. ती पडवीच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलेली होती. कधीपासून, ते तिनं सांगितलं नाही. तिनं डबा आत आणला, नवऱ्याच्या हातात दिला आणि जाऊन प्रयागबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसली.

भरतनं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात पिठात घातला. एक निघाला, दुसरा निघाला. तिसरा तळाशी गेला होता, तो शोधताना पीठ त्याच्या शर्टावर सांडलं. कुणी हसलं नाही. त्यानं तिन्ही फ्यूज वहिनीपुढं धरले. अंजनानं ते घेतले, एकेकावर फुंकर मारली आणि नवऱ्याला दिले.

भिमाजी पळतच गेला. पाच वाजायला दहा मिनिटं होती. थोड्या वेळानं मोटारीचा आवाज आला, आणि मग पाइपातून हवा फुसफुसत पाणी पडल्याचा. अंजना डोळे मिटून तो ऐकत राहिली. तासाभरात वरच्या दहा सऱ्या तरी होतील, तिनं मनात हिशेब केला. बाकीच्या कळशीनं घालता येतील.

"आता फाडा त्यो कागद," भरत म्हणाला. "झालं की तुमच्या मनासारखं. सोमवारी पेटीला हात लावनार न्हाई."

"मंगळवारी?"

"मंगळवारी बी न्हाई."

"बुधवारी?"

भरतनं दात आवळले. "बुधवार तुमचाच हाय."

"आई, फाडू?" अक्षदानं विचारलं.

"फाडायचा कशापायी? सगळ्यांनी सह्या केल्यात." अंजना खुर्चीतून उठली. "तारीख टाकलीस का?"

"नाही अजून."

"मग टाकू नगं. तारखेची जागा तेवढी मोकळी ठिव. समितीची बैठक काय, दर म्हयन्याला असती." तिनं कागदाची घडी घातली, चार पदरी केली, आणि ठेवायला जागा शोधत इकडेतिकडे पाहिलं.

कुशाबाईंनी पिठाचा डबा तिच्यापुढं सरकवला.

"हितं ठिव. आन वरच ठिव, पिठाखाली नगं," त्या म्हणाल्या. "भाकरी करताना रोज माज्या नदरंला पडंल."

अंजनानं कागद डब्यात ठेवला. कुशाबाईंनी झाकण लावलं, दोन्ही हातांनी दाबून बसवलं, आणि डबा धाकट्या लेकाच्या हातात दिला.

"चल," त्या म्हणाल्या. "घरी पोच कर. मला उचलत न्हाई."